झेड, एक्स, सी, व्ही : एका चिन्हसंकेताची जडणघडण

१

संगणकावर चार ओळी लिहिणाऱ्या कोणाच्याही बोटांना चार संकेत पाठ झालेले असतात. 'कंट्रोल' ही कळ दाबून धरून एक्स दाबला की निवडलेला मजकूर जागेवरून उचलला जातो; सी दाबला की मूळ मजकूर तसाच राहून त्याची नक्कल पडद्याआड साठवली जाते; व्ही दाबला की साठवलेला मजकूर इष्ट स्थळी उमटतो; आणि झेड दाबला की नुकतीच केलेली क्रिया रद्द होऊन सारे पूर्ववत् होते. ही अक्षरे कोणी व का निवडली, ह्याचा विचार वापरणारा सहसा करीत नाही. भाषेतील नित्य परिचयाच्या शब्दाचे जे होते तेच ह्या संकेतांचेही झाले आहे. अतिपरिचयामुळे त्यांचा इतिहास दिसेनासा झाला आहे.

ह्या प्रश्नाचे एक सोपे उत्तर प्रचलित आहे. लॅरी टेस्लर ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचे १६ फेब्रुवारी २०२० रोजी निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी आणि ज्या झेरॉक्स कंपनीत त्यांनी पूर्वी काम केले होते तिनेही त्यांचा उल्लेख 'कट, कॉपी, पेस्ट'चे जनक असा केला. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुरेपणा नेमका कोठे आहे हे पाहणे आपल्या अभ्यासशाखेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. 'जनक कोण?' ह्या एका प्रश्नाच्या पोटात वास्तविक चार स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवण्याची क्रिया कोठून आली? तिला मिळालेले नाव कोठून आले? कोणत्या गोष्टीवर काय करावयाचे हे सांगण्याचा क्रम कसा ठरला? आणि शेवटी, त्या आज्ञेला ठराविक कळ कशी चिकटली? शब्दाच्या इतिहासात आपण अर्थ, रूप आणि प्रयोग ह्यांचे इतिहास वेगळे मांडतो, ते एकमेकांच्या मागेपुढे चालत असल्यामुळेच. प्रस्तुत लेखात हाच विवेक ह्या चार कळांना लावून पाहण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम क्रियेचा विचार करू. मजकुराचा तुकडा एका जागेवरून काढून तात्पुरता कोठेतरी ठेवावा आणि पुन्हा दुसऱ्या जागी घालावा, ही कल्पना टेस्लर ह्यांच्या आधीची आहे. बर्कली येथे बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात 'क्यूईडी' नावाची संपादन-आज्ञावली रचली, व तिचे वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. तिच्यात मजकूर साठवून ठेवण्यासाठी स्वतंत्र कप्प्यांची सोय होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट ह्यांनी आपल्या 'एनएलएस' प्रणालीचे जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात पडद्यावरचा शब्द माऊसने दाखवून हलविणे वा त्याची नक्कल करणे हे प्रेक्षकांनी पाहिले होते. केलेली क्रिया मागे घेण्याची सोयही जुनीच आहे. ब्राउन विद्यापीठात १९६८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'फ्रेस' ह्या प्रणालीत ती होती, आणि वॉरन टाइटलमन ह्यांनी लिस्प ह्या भाषेच्या परिसरात १९७० च्या आसपास तिचा बराच विस्तार केला.

तात्पर्य, क्रियांचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. परंतु येथेच थांबून 'म्हणजे टेस्लर ह्यांनी नवे काहीच केले नाही' असा निष्कर्ष काढणे हा उलट दिशेचा तितकाच मोठा प्रमाद होईल. भाषेत एखादा ध्वनी पूर्वीपासून असतो. पण तो स्वनिम म्हणून व्यवस्थेत बसला की त्याचे स्थान पालटते. टेस्लर ह्यांचे कार्य ह्या प्रकारचे आहे. सुट्या क्रियांना त्यांनी व्यवस्था दिली.

३

टेस्लर ह्यांचा जन्म १९४५ चा, न्यूयॉर्कमधला. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले आणि १९७३ मध्ये ते कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्सने १९७० मध्ये स्थापन केलेल्या संशोधन केंद्रात दाखल झाले. त्याच वर्षी तेथे 'आल्टो' हा संगणक तयार झाला होता. एका माणसाने एकट्याने वापरावयाचा, ठिपक्यांनी चित्र व अक्षर दोन्ही उमटविणारा पडदा असलेला आणि माऊस जोडलेला असा हा संगणक होता. त्यावर चालणारी 'ब्राव्हो' ही संपादन-आज्ञावली लॅम्पसन व चार्ल्स सिमोन्यी ह्यांनी १९७४ च्या सुमारास केली. अक्षरे कागदावर जशी छापली जातील तशीच ती पडद्यावर दाखविणे हे तिचे मोठे यश होते.

मात्र ब्राव्होत एक अडचण होती. तिच्यात कळफलकाच्या दोन अवस्था असत. एका अवस्थेत कळ दाबली की ते अक्षर मजकुरात उमटे. दुसऱ्या अवस्थेत तीच कळ दाबली की ती आज्ञा समजली जाई. ह्या संदर्भात सांगितली जाणारी एक कथा संगणकक्षेत्रात प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याला 'एडिट' हा इंग्रजी शब्द मजकुरात लिहावयाचा होता. परंतु आपण आज्ञेच्या अवस्थेत आहोत हे त्याच्या ध्यानी आले नाही. त्याने ई दाबला, तेव्हा सर्व मजकूर निवडला गेला. डी दाबला, तेव्हा तो सर्व पुसला गेला. आय दाबला, तेव्हा लेखनाची अवस्था सुरू झाली. आणि टी दाबला, तेव्हा रिकाम्या पानावर एकटे टी हे अक्षर उमटले. चार अक्षरांच्या एका निरुपद्रवी शब्दाने सारे लेखन नाहीसे झाले.

भाषाभ्यासकाला ही कथा केवळ गमतीची वाटणार नाही. उच्चारलेला शब्द हा उल्लेख आहे की आज्ञा, हे माणसामाणसांच्या बोलण्यात प्रसंगावरून कळते. यंत्राला तो प्रसंग कळत नव्हता, आणि माणसाला यंत्राची अवस्था दिसत नव्हती. टेस्लर ह्यांनी हा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारला नाही. चूक माणसाची नसून अवस्था दडवून ठेवणाऱ्या रचनेची आहे, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर धरली; इतकी की त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही 'अवस्था नकोत' ह्या आशयाची इंग्रजी अक्षरे होती.

ह्या भूमिकेला प्रत्यक्ष रूप देण्याची संधी एका प्रकाशनसंस्थेमुळे मिळाली. बॉस्टनच्या परिसरातील 'जिन अँड कंपनी' ही पाठ्यपुस्तके काढणारी संस्था त्या काळी झेरॉक्सच्या मालकीची होती. तिच्या संपादकांना उपयोगी पडेल अशी आज्ञावली हवी होती, आणि हे काम टिम मॉट व टेस्लर ह्यांच्याकडे आले. यंत्राला काय जमेल हे पाहण्याआधी संपादक टेबलाशी बसून काय करतात हे त्यांनी पाहिले. संपादक हस्तलिखितावर पेन्सिलीने खुणा करीत, नको तो भाग खोडीत, आणि परिच्छेदांची जागा बदलावयाची असली की कात्रीने कागद कापून खळीने दुसऱ्या कागदावर डकवीत. संगणकाची सवय नसलेल्या व्यक्तीला कोऱ्या पडद्यासमोर बसवून 'हे शब्द खोडावयाचे तर तुम्ही काय कराल?' असे विचारण्याचा प्रयोगही टेस्लर ह्यांनी केला होता. १९७४–७५ मध्ये मॉट व टेस्लर ह्यांनी जी आज्ञावली सिद्ध केली, तिचे नाव 'जिप्सी'.

'कट' आणि 'पेस्ट' ह्या नावांचे मूळ ह्या कात्रीत आणि खळीत आहे. आपल्याकडेही वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत कापणे व डकविणे हे शब्द ह्याच अर्थाने रूढ होते, हे जुन्या पिढीच्या संपादकांना सांगण्याची गरज नाही. हे शब्द यंत्रासाठी घडविलेले नाहीत. ते व्यवसायातून उचललेले आहेत. ह्याच काळातील इतर आज्ञावलींशी तुलना केली म्हणजे ह्याचे महत्त्व ध्यानात येते. १९७६ च्या सुमारास पुढे आलेल्या 'ईमॅक्स' ह्या आज्ञावलीत मजकूर काढण्याला 'ठार करणे' आणि परत आणण्याला 'हिसका देऊन ओढणे' अशा अर्थाचे शब्द आहेत. तज्ज्ञांच्या गोटात जन्मलेली ही परिभाषा त्या गोटाच्या थट्टेखोर वृत्तीची साक्ष देते. कात्री आणि खळ ही मात्र कोणाही कारकुनाला ठाऊक होती. परिभाषा कोणासाठी घडवावयाची, ह्या आपल्याकडे वारंवार उपस्थित होणाऱ्या वादाला हे उदाहरण उपयोगी पडावे.

४

तिसरा प्रश्न क्रमाचा. माझ्या मते ह्या इतिहासातील सर्वांत रंजक भाग हाच आहे, आणि त्याकडे लक्षही सर्वांत कमी गेले आहे.

एंगलबार्ट ह्यांच्या प्रणालीत आज्ञा देताना आधी क्रिया आणि मग कर्म असा क्रम होता. 'पूस, शब्द' असे सांगून मग कोणता शब्द ते दाखवावयाचे. १९७६ च्या सुमारास बिल जॉय ह्यांनी रचलेल्या आणि आजही वापरात असलेल्या 'व्हीआय' ह्या आज्ञावलीतही पुसण्याचे अक्षर आधी येते आणि काय पुसावयाचे त्याचे अक्षर मागाहून. हा इंग्रजी आज्ञार्थी वाक्याचा क्रम आहे. ह्याउलट ब्राव्होमध्ये निवड आधी आणि आज्ञा नंतर हा क्रम आलेला होता. जिप्सीने तो कायम ठेवला, परंतु आज्ञेसाठी साधी अक्षरे वापरणे सोडून दिले. अक्षराची कळ दाबली की नेहमी अक्षरच उमटणार, आज्ञा वेगळ्या कळांनी दिली जाणार, असा नियम झाला. आज आपण करतो ते हेच : आधी मजकूर निवडावयाचा, मग त्याचे काय करावयाचे ते सांगावयाचे. 'हा परिच्छेद काप', 'हे वाक्य पूस' असा हा क्रम मराठी वाक्याचा आहे. कर्म आधी, क्रियापद शेवटी.

येथे सावधगिरी बाळगली पाहिजे. इंग्रजी बोलणाऱ्या अभियंत्यांनी मराठीसारख्या भाषांचा क्रम उचलला, असे कोणी म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. मुद्दा उलट आहे. आज्ञेचा क्रम रचनाकारांच्या मातृभाषेतून आला नाही. तो कामाच्या गरजेतून आला. क्रियापद आधी सांगितले की यंत्र कर्माची वाट पाहत राहते, म्हणजेच एका दडलेल्या अवस्थेत जाते. ह्या मधल्या काळात माणसाचे मन बदलले, किंवा त्याचा दूरध्वनी वाजला, तर पुढची कळ भलताच अर्थ घेते. कर्म आधी निवडले तर यंत्र कशाचीही वाट पाहत नाही. निवड पडद्यावर डोळ्यांना दिसते, आणि मन बदलले तर दुसरीकडे निर्देश केला की झाले. भाषेच्या घडणीचा विचारावर प्रभाव पडतो असा सिद्धान्त मांडताना ज्या उदाहरणांचा आधार घेतला जातो, त्यांच्या जोडीला हे प्रतिउदाहरणही विद्यार्थ्यांनी ठेवावे.

'हलविणे' ह्या क्रियेने तर आणखी एक पेच निर्माण केला होता. हलविण्याला दोन गोष्टी लागतात : काय हलवावयाचे आणि कोठे. 'हलव' अशी एकच आज्ञा ठेवली, तर काय ते कळल्यानंतर कोठे ते कळेपर्यंत यंत्राला ताटकळावे लागणार. झेरॉक्सने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या 'स्टार' ह्या संगणकात असेच होते. त्याच्या कळफलकावर हलविण्यासाठी स्वतंत्र कळ होती, आणि ती दाबल्यावर गंतव्य स्थान दाखवीपर्यंत हालचाल अपुरी राही. जिप्सीच्या परंपरेने ह्या एका अपुऱ्या वाक्याची दोन पुरी वाक्ये केली : 'हे काप' आणि 'येथे डकव'. दोन्हींच्या मध्ये कितीही वेळ जावो, वापरणारा पाहिजे तेवढे इतर लिखाण करो, व्यवस्था मोडत नाही. मराठीत आपण 'उचलून ठेव' असे म्हणतो आणि ऊन-प्रत्ययाने दोन क्रिया एका वाक्यात बांधतो. येथे तो बंध सोडून दोन्ही क्रियांना स्वतंत्र केले आहे, आणि मधल्या काळात मजकूर राहावा म्हणून एक अदृश्य जागा कल्पिली आहे. तिलाच पुढे 'क्लिपबोर्ड' हे नाव रूढ झाले. तीत एका वेळी एकच वस्तू मावते आणि दुसरी ठेवली की पहिली जाते, ही त्रुटी अनेक वर्षे राहिली, ती ह्या साधेपणाची किंमत म्हणून.

५

आता कळांकडे वळू. डिसेंबर १९७९ मध्ये अॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्झ झेरॉक्सच्या केंद्रात आल्टो पाहण्यास आले, तेव्हा प्रात्यक्षिक दाखविणाऱ्यांत टेस्लर होते. १९८० मध्ये टेस्लर स्वतःच अॅपलमध्ये गेले आणि 'लिसा' ह्या संगणकाच्या कामात सहभागी झाले. जानेवारी १९८३ मध्ये लिसा जाहीर झाला. त्याची किंमत ९,९९५ डॉलर होती. त्याच्या कळफलकावर सफरचंदाचे चिन्ह असलेली एक खास कळ होती, आणि ती दाबून धरून एक्स, सी किंवा व्ही दाबला की कापणे, नक्कल करणे व डकविणे ह्या आज्ञा होत. जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशवर झेडसह चारही अक्षरे एका रांगेत स्थिरावली. मॅकिंटॉश तयार होत असताना पडद्यावरील याद्यांत सफरचंदाची फार गर्दी झाली अशी जॉब्झ ह्यांची तक्रार आली, आणि सूझन केअर ह्यांनी त्या जागी चार कोपऱ्यांत फासे असलेले चौकोनी चिन्ह निवडले. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखविण्यासाठी ते वापरले जाते. आज 'कमांड' कळेवर दिसते ते हेच.

परंतु हीच अक्षरे का? सी हे इंग्रजी 'कॉपी'चे आद्याक्षर, हे उघड आहे. उरलेल्यांविषयी टेस्लर ह्यांनी पुढील काळात स्पष्टीकरण दिले आहे. एक्स ही काट मारल्याची खूण. व्ही हे मुद्रितशोधनातील घुसडखुणेचे उलटे रूप; मजकूर येथे घाला असे टोक दाखवून सांगणारे. झेड ह्या तिघांच्या शेजारचे, आणि त्याची रेघ पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे जाते, म्हणजे करणे, मागे घेणे व पुन्हा करणे ह्यांचे ते चित्रच. चारही अक्षरे कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडे एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्या जवळच ती खास कळ आहे. उजव्या हातात माऊस आणि डाव्या हाताखाली आज्ञा, अशी ही वाटणी होते.

चिन्हशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे चार अक्षरांना तीन वेगळ्या प्रकारची कारणे आहेत. सी हे शब्दाच्या ध्वनीवरून आले, एक्स आणि व्ही हे आकृतीवरून, झेड हे मुख्यतः स्थानावरून. चारही कळा एकसारख्या वाटत असल्या तरी त्यांची कुळे निराळी आहेत. लोकव्युत्पत्तीला हे मान्य होत नाही. सी जर आद्याक्षर आहे तर व्हीही कशाचे तरी आद्याक्षर असले पाहिजे, अशा समजुतीने व्ही हे 'व्हेल्क्रो' ह्या चिकटपट्टीच्या नावावरून आले, असेही सांगितले जाते. एका उदाहरणावरून नियम कल्पून तो सर्वांना लावणे, ही लोकव्युत्पत्तीची नेहमीची रीत येथेही दिसते.

ह्या ठिकाणी एका स्वदेशी साम्याचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजी मुद्रितशोधकाची घुसडखूण 'कॅरेट' ह्या लॅटिन शब्दाने ओळखली जाते. त्याचा अर्थ 'उणे आहे'. आपल्या हस्तलिखित पोथ्यांतही गळलेला मजकूर कोठे घालावयाचा हे दाखविणारी अशीच टोकदार खूण असते. कावळ्याच्या पावलासारखी दिसते म्हणून तिला काकपद म्हणतात, आणि गळलेली अक्षरे समासात लिहिलेली आढळतात. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखक हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातून आला. काकपदावरून व्ही आला असे सुचविण्याचा अर्थातच हेतू नाही. हे साम्य उत्पत्तीचे नसून गरजेचे आहे. जेथे जेथे हाताने लिहिले जाते, तेथे खोडण्याची, घालण्याची आणि चूक मागे घेण्याची खूण लागतेच.

६

ह्या चार अक्षरांचा पुढला प्रवास अर्थान्तराचा आहे. अॅपलने आज्ञांसाठी नवी कळ निर्माण केली होती. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर 'कंट्रोल' ही कळ नव्हतीच. आयबीएमच्या पद्धतीच्या संगणकांवर मात्र ती होती, आणि तिला स्वतःचा जुना इतिहास होता. दूरमुद्रकांच्या काळापासून चालत आलेल्या आणि १९६३ मध्ये प्रमाणित झालेल्या 'अॅस्की' ह्या संकेतात मोठ्या लिपीतील सी ह्या अक्षराचा क्रमांक ६७ आहे. कंट्रोलसह ते दाबले की ६४ वजा होऊन ३ उरतात, आणि ३ ह्या क्रमांकाचा अर्थ 'मजकूर समाप्त' असा होता. त्यातूनच कंट्रोल व सी म्हणजे 'चालू काम थांबव' हा अर्थ अनेक प्रणालींत रूढ झाला. कंट्रोल व झेड ह्याचा क्रमांक २६. 'डॉस' प्रणालीत तो फायलीचा अंत दर्शवी, तर युनिक्सच्या परंपरेत चालू काम तात्पुरते स्थगित करण्यासाठी तो वापरला जाई. कंट्रोल व एक्स, क्रमांक २४, ह्याचे अॅस्कीतील नाव 'रद्द' ह्या अर्थाचे आहे, आणि ते आपल्या एक्सशी जुळल्यासारखे दिसते. परंतु क्रमांक अक्षरमालेतील स्थानावरून पडले आहेत. हे सादृश्य योगायोगाचे आहे, आणि सादृश्यावरून संबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे.

म्हणून १९८७ मध्ये आयबीएमने आपल्या संगणकांसाठी जी सामायिक नियमावली केली, तीत अक्षरे टाळली होती. कापण्यासाठी शिफ्ट व डिलीट, नकलेसाठी कंट्रोल व इन्सर्ट, डकविण्यासाठी शिफ्ट व इन्सर्ट अशा जोड्या तीत होत्या. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने आरंभी ह्याच जोड्या स्वीकारल्या; १९९० च्या विंडोज ३.० मधील याद्यांत त्या दिसतात. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये मात्र अॅपलची चार अक्षरे कंट्रोल कळेच्या जोडीने आली, आणि जुन्या जोड्या यादीतून गेल्या तरी बोटांखाली चालू राहिल्या. भाषेत प्रमाण रूपाने जुन्या रूपाला हटविले तरी ते बोलीत टिकते, तसेच हे आहे.

ह्या स्थलांतराने एक अनेकार्थी चिन्ह जन्मास आले. कंट्रोल व सी म्हणजे लेखकाच्या दृष्टीने 'नक्कल कर' आणि आज्ञांच्या काळ्या खिडकीपुढे बसलेल्या तज्ज्ञाच्या दृष्टीने 'थांब'. दोन्ही समाज आपापला अर्थ सोडावयास तयार नव्हते. तोडगा दोन प्रकारे निघाला. लिनक्सच्या अनेक खिडक्यांत नकलेसाठी शिफ्टची जादा कळ घातली गेली, म्हणजे रूपात भेद केला. विंडोज १० मध्ये २०१५ पासून मजकूर निवडलेला असेल तर नक्कल आणि नसेल तर थांबणे असा नियम आला, म्हणजे संदर्भावरून अर्थ ठरविला. अनेकार्थी शब्दाविषयी भाषा ज्या दोन वाटा चोखाळते, त्या दोन्ही येथे जशाच्या तशा दिसतात. दुसऱ्या वाटेत एक विसंगतीही आहे. एकाच जोडीचा अर्थ अवस्थेवरून ठरणे, हेच तर टेस्लर ह्यांना नको होते. भेद इतकाच की ही अवस्था निवडीच्या रूपाने डोळ्यांसमोर असते.

७

चिन्ह एकदा रूढ झाले की त्याला कारणाची गरज उरत नाही, ह्याचा प्रत्यय अन्य कळफलकांवर येतो. जर्मन कळफलकावर झेड वरच्या ओळीत वायच्या जागी आहे, फ्रेंच कळफलकावरही ते वरच्या ओळीत आहे. त्यामुळे झेडच्या निवडीचे मुख्य कारण जे शेजारपण, तेच तेथे नाहीसे होते. तरीही जर्मन व फ्रेंच लेखक क्रिया मागे घेण्यासाठी झेडच दाबतात. ड्वोरॅक पद्धतीच्या कळफलकावर तर चारही अक्षरे पांगलेली आहेत.

आपल्या लिपीत हा प्रत्यय अधिकच स्पष्ट आहे. इन्स्क्रिप्ट ह्या भारतीय कळफलकावर इंग्रजी एक्सच्या कळेवर अनुस्वार आहे, सीच्या कळेवर म, आणि व्हीच्या कळेवर न. देवनागरीत लिहीत असतानाही प्रचलित प्रणालींत नकलेसाठी तीच कळ चालते. म्हणजे ज्या मराठी लेखकाने इंग्रजी अक्षरे नसलेला कळफलक डोळ्यांपुढे आणला, त्याच्या लेखी नक्कल करण्याची खूण 'म' आहे आणि डकविण्याची 'न'. ध्वनीचे कारण गेले, आकृतीचेही गेले. न ह्या अक्षरात घुसडखूण शोधूनही सापडणार नाही. उरला तो केवळ संकेत, आणि तो पूर्वीइतक्याच बिनचूकपणे चालतो. चिन्ह व अर्थ ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूरचे प्रतिपादन समजावून सांगताना आपण झाड आणि घोडा ह्यांची उदाहरणे देतो. विद्यार्थ्याच्या बोटाखालील हे उदाहरण त्याला अधिक लवकर पटेल, कारण त्यात कारण असलेले चिन्ह कारणहीन होताना त्याला पाहता येते.

नावांच्या बाबतीत मराठीने काय केले, हेही नोंदविण्यासारखे आहे. 'पेस्ट करणे' हे संयुक्त क्रियापद सहज रुळले. 'कॉपी' हा शब्द मात्र मराठीत आधीच येऊन बसला होता, आणि विद्यार्थ्यांच्या भाषेत त्याचा अर्थ परीक्षेतील गैरप्रकार असा होता. त्यामुळे 'कॉपी केली' ह्या वाक्याला आज दोन अर्थ आहेत, आणि 'कॉपी-पेस्ट' हा जोडशब्द लेखनचौर्याचा निदर्शक होताना त्या जुन्या अर्थाची छटाही त्यात मिसळली आहे. क्रिया मागे घेण्यासाठी मराठी याद्यांत 'पूर्ववत् करा' हा शब्द येतो. तो चांगला आहे. मूळ इंग्रजी शब्द क्रिया उलटविण्यावर बोट ठेवतो; मराठी शब्द परिणामावर, म्हणजे पूर्वीची स्थिती परत येण्यावर ठेवतो. लेखकाला हवी असते ती स्थितीच.

८

आरंभीच्या चार प्रश्नांकडे परत येऊ. क्रिया अनेकांच्या आहेत, आणि त्यांचा काळ १९६० नंतरच्या दशकात जातो. नावे संपादकांच्या टेबलावरून आली. क्रम झेरॉक्सच्या केंद्रात ठरला, आणि तो अवस्थामुक्त करण्याचे श्रेय प्रामुख्याने टेस्लर व मॉट ह्यांच्या जिप्सीकडे जाते. कळा अॅपलच्या लिसा व मॅकिंटॉशवर स्थिरावल्या, आणि १९९२ नंतर विंडोजमुळे सर्वत्र पसरल्या. 'जनक' हा शब्द ह्या चारांना एकत्र करतो, आणि त्यामुळे ज्यांचा वाटा मोठा आहे त्यांचे नेमके कार्यही झाकून टाकतो.

टेस्लर ह्यांचे नेमके कार्य माझ्या मते असे : आज्ञा चुकली तर दोष आज्ञा देणाऱ्याचा, ही यंत्रयुगातील समजूत त्यांनी नाकारली. एक शब्द लिहू पाहणाऱ्याचे सारे लेखन पुसले जाते, तेव्हा त्या माणसाला अधिक शिकविण्याऐवजी व्यवस्था बदलली पाहिजे, असे त्यांनी म्हटले आणि ते करून दाखविले. व्याकरणाचे अध्यापन करणाऱ्यांनी ह्यावर विचार करावा असे वाटते. विद्यार्थ्यांच्या चुकांची यादी आपण दर वर्षी करतो. एखाद्या नियमापाशी पिढ्यान् पिढ्या तीच चूक होत असेल, तर त्या नियमाच्या मांडणीतच एखादी दडलेली अवस्था नाही ना, हे तपासण्याचे काम शिक्षकाचे आहे.